जा, परत, वर : कमांड लाइनवरचा नांदेड-लातूर प्रवास

नांदेडहून लातूरला निघालेली एसटी लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे घेत जाते. तिकीट काढताना प्रवासी फक्त 'लातूर' म्हणतो. राज्य, विभाग, जिल्हा असा पूर्ण पत्ता कुणी कंडक्टरला सांगत नाही. गाडी कुठे उभी आहे हे दोघांनाही ठाऊक असते, म्हणून एका शब्दात काम भागते. संध्याकाळी परतताना तर गावाचे नाव मनात आणायचीही गरज नसते. सकाळी जिथून निघालो तिथे जायचे, बस्स.

संगणकाच्या काळ्या पडद्यावर लुकलुकणाऱ्या कर्सरसमोर काम करणाऱ्याचा प्रवास असाच चालतो. त्या पडद्यामागे जो प्रोग्राम बसलेला असतो त्याला 'शेल' म्हणतात. आपण आदेश लिहायचा, एंटर दाबायचे, शेलने तो पार पाडायचा. फायली ठेवण्याच्या कप्प्यांना इथे डिरेक्टरी म्हणतात. एका डिरेक्टरीत दुसरी, तिच्यात तिसरी, असे ते झाड पसरत जाते. शेल नेहमी त्या झाडाच्या कोणत्या तरी एका फांदीवर उभा असतो. फांदी बदलण्याचा आदेश दोनच रोमन अक्षरांचा आहे: सीडी, म्हणजे 'चेंज डिरेक्टरी'.

एवढ्या छोट्या आदेशाभोवती गेल्या पन्नासहून अधिक वर्षांत कळांच्या अनेक युक्त्या जमल्या आहेत. त्या शिकायला अवघड नाहीत. मराठी मुलांना त्या स्वतःच्या गावांची नावे घेऊन, स्वतःच्या लिपीत शिकता येतात. देवनागरीत त्यांतली एक युक्ती तर रोमनपेक्षा अधिक चांगली चालते.

मूल गेले, आई तिथेच

सीडी हा आदेश एकदा बंद पडला होता. ती हकीकत युनिक्स या कार्यप्रणालीचे एक जनक डेनिस रिची यांनीच लिहून ठेवली आहे. अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि रिची यांनी १९६९ मध्ये पीडीपी-७ या छोट्या संगणकावर युनिक्सची सुरुवात केली. तेव्हा हा आदेश 'सीएचडीआयआर' असा लिहीत. पुढे युनिक्समध्ये एक महत्त्वाची सुधारणा झाली. शेल प्रत्येक आदेशासाठी स्वतःची एक प्रत, म्हणजे एक 'मूल' प्रक्रिया जन्माला घालू लागला. मुलाने काम करायचे आणि संपून जायचे. सगळे सुरळीत चालले असे वाटत असतानाच डिरेक्टरी बदलण्याचा आदेश निकामी झाल्याचे लक्षात आले. आदेश चूक झाल्याचा संदेश देत नव्हता, काम करीत होता, पण शेल जागचा हलत नव्हता.

बरेच डोके खाजवल्यावर कारण सापडले. डिरेक्टरी बदलत होती ती मूल प्रक्रियेची, आणि ती प्रक्रिया पुढच्याच क्षणी संपत होती. मुलगा लोह्याला गेला म्हणून नांदेडला बसलेली आई लोह्याला पोचत नाही, तसाच हा प्रकार. उपाय सोपा होता. हा एक आदेश मुलाकडे न देता शेलने स्वतःच पाळायचा. आजही लिनक्स असो वा मॅक, सीडी हा शेलच्या पोटातलाच आदेश आहे.

आदेशांची नावे इतकी आखूड का, याचे उत्तर त्या काळच्या यंत्रांत आहे. तेव्हा आदेश लिहायला सहसा पडदे वापरत नसत. टेलिटाइप मॉडेल ३३ सारखी यंत्रे कागदावर खडखडत छपाई करीत, आणि त्यांचा वेग सेकंदाला फक्त दहा अक्षरांचा होता. प्रत्येक वाचवलेले अक्षर म्हणजे वाचवलेला वेळ. तशीच आखूड असलेली दोन चिन्हे आजही रोज वापरात आहेत: एक टिंब म्हणजे 'मी आहे ती डिरेक्टरी' आणि दोन टिंबे म्हणजे 'तिची वरची'.

घर दाखवणारी नागमोडी रेघ

शेलमध्ये नागमोडी रेघ (~) म्हणजे वापरकर्त्याचे घर, म्हणजे त्याची स्वतःची मूळ डिरेक्टरी. हे चिन्ह कुणी विचार करून निवडले असेल असे वाटते, पण ते एका कीबोर्डवरून आले. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस 'सी शेल' लिहिला. तिथे 'एडीएम-३ए' हे टर्मिनल वापरात होते. त्याच्या कीबोर्डवर 'होम' हा शब्द आणि नागमोडी रेघ एकाच कळीवर छापलेली होती. त्यामुळे ती रेघ घराची खूण झाली आणि जगभर पसरली.

याच सी शेलने डिरेक्टऱ्यांची उतरंड आणली. मडक्यांची उतरंड ज्यांनी घरात पाहिली आहे त्यांना ती समजावून सांगावी लागत नाही: शेवटी ठेवलेले मडके सर्वात आधी निघते. 'पुशडी' या आदेशाने शेल नव्या डिरेक्टरीत जातो आणि जुनीचे नाव उतरंडीत ठेवतो. 'पॉपडी' म्हटले की ठेवलेल्या डिरेक्टरीत परत येतो. देगलूरच्या नोंदींवर काम चालू असताना शेजारच्या उदगीरची एक फाइल पाहायची, तिथून निलंग्याची, आणि मग एकेक पाऊल मागे येत पुन्हा देगलूर. परतीची वाट माणसाने लक्षात ठेवायची गरज नाही. ती उतरंडीत राहते.

दोनच ठिकाणांमध्ये ये-जा असेल तर त्याहून सोपा मार्ग आहे. सीडी लिहून, जागा सोडून, एक आडवी रेघ (-) द्यायची. शेल आधीच्या डिरेक्टरीत जातो. पुन्हा तेच केले की पुन्हा इकडे. नांदेड-लातूर, लातूर-नांदेड. हे वळण डेव्हिड कॉर्न यांच्या 'कॉर्न शेल'मधून रूढ झाले आणि १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांनी लिहिलेल्या 'बॅश'मध्येही आले. बहुतेक लिनक्स संगणकांवर आज बॅशच असतो.

सव्वीस तालुक्यांचा प्रयोग

सगळ्यात मोलाची कळ मात्र टॅबची. नावाची सुरुवातीची एक-दोन अक्षरे लिहून टॅब दाबले की उरलेले नाव शेल पूर्ण करतो. तो समोरच्या डिरेक्टरीतली सगळी नावे वाचतो, लिहिलेल्या अक्षरांनी सुरू होणारी वेगळी काढतो आणि त्या सर्वांत समान असलेला जास्तीत जास्त लांब भाग लिहून टाकतो. एकच नाव उरले तर ते पूर्ण होते आणि पुढे तिरकी रेघही (/) येते. अनेक उरली तर समान भागापाशी थांबतो. पुन्हा टॅब दाबल्यास सगळ्यांची यादी दाखवतो.

ही युक्ती किती चालते हे नावांवर अवलंबून आहे. त्यासाठी घरच्याच नावांवर प्रयोग करता येतो. नांदेड जिल्ह्यात १६ तालुके, लातूर जिल्ह्यात १०. प्रत्येक जिल्ह्याच्या वेगळ्या डिरेक्टरीत त्याच्या प्रत्येक तालुक्याच्या नावाची एक डिरेक्टरी केली आणि फक्त पहिले अक्षर लिहून टॅब दाबले, तर किती नावे तत्काळ पूर्ण होतील?

आधी रोमन लिपीत पाहू. नांदेड जिल्ह्यात मुदखेड, मुखेड आणि माहूर तिन्ही 'एम'पाशी गर्दी करतात. भोकर आणि बिलोली 'बी'वर, देगलूर आणि धर्माबाद 'डी'वर, कंधार आणि किनवट 'के'वर, हदगाव आणि हिमायतनगर 'एच'वर, नांदेड आणि नायगाव 'एन'वर अडतात. एका अक्षरात पूर्ण होणारे तालुके तीनच उरतात: अर्धापूर, उमरी आणि लोहा. लातूर जिल्ह्यात औसा आणि अहमदपूर 'ए'मुळे अडतात. बाकी आठ सुटतात. म्हणजे २६ पैकी ११.

आता हीच नावे देवनागरीत लिहू. 'भ' आणि 'ब' वेगळे, म्हणून भोकर आणि बिलोली दोन्ही सुटतात. 'द' आणि 'ध' वेगळे, म्हणून देगलूर आणि धर्माबादही. नांदेड जिल्ह्यातली तीनची संख्या सातवर जाते. लातुरात 'औ' आणि 'अ' ही वेगळी अक्षरे असल्याने दहाच्या दहा तालुके एका अक्षरात उघडतात. एकूण २६ पैकी १७.

महाप्राण व्यंजनांना आणि प्रत्येक स्वराला स्वतंत्र चिन्ह देणाऱ्या आपल्या लिपीचा हा सरळ फायदा आहे. रोमनची २६ अक्षरे जिथे दोन आवाज एकाच दारातून आत घेतात, तिथे देवनागरी दोन दारे ठेवते. टॅबचे काम नावे वेगळी करण्याचे आहे, आणि त्यात जास्त दारे असलेली लिपी पुढे राहते.

उरलेल्या नऊ नावांसाठी थोडे अधिक लिहावे लागते. 'न' लिहून टॅब दाबले तर शेल 'ना' एवढे स्वतः लिहितो, कारण नांदेड आणि नायगाव दोन्हींत तेवढे समान आहे. मुखेडसाठी 'मुख' लिहावे लागते; 'मु'वर मुदखेड वाट अडवून उभे असते.

लातूरच्या यादीतले एक नाव आणखी काही शिकवते: शिरूर अनंतपाळ. शेलच्या दृष्टीने मोकळी जागा म्हणजे दोन शब्दांमधली सीमा. त्यामुळे हे नाव सरळ लिहिले तर तो दोन वेगळ्या डिरेक्टऱ्या मागितल्या असे समजतो आणि आदेश फसतो. 'श' लिहून टॅब दाबले तर मात्र तो मधल्या जागेआधी उलटी तिरकी रेघ घालून नाव योग्य रीतीने पूर्ण करतो. नवशिक्यांची निम्मी अडचण या एका कळीने दूर होते.

फायलींसाठीच जन्मलेली लिपीसंहिता

डिरेक्टरीला देवनागरी नाव देता येते याचे श्रेयही युनिक्स सुरू करणाऱ्या केन थॉम्पसन यांना जाते. सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खाणावळीत, टेबलावरच्या कागदावर, रॉब पाइक यांच्यासोबत बसून त्यांनी जगातल्या सगळ्या लिप्या साठवण्याची एक पद्धत आखली. तीच आजची यूटीएफ-८.

त्यांच्यापुढे आलेल्या प्रस्तावाच्या नावातच 'फाइल सिस्टिमला सुरक्षित' असे शब्द होते. अडचण तिरक्या रेघेची होती. युनिक्समध्ये पत्त्यातले दोन टप्पे ही रेघ वेगळे करते. दुसऱ्या लिपीतल्या अक्षराच्या सांकेतिक रूपात चुकून हीच रेघ दडलेली निघाली, तर नावाचे मधोमध दोन तुकडे होतील. यूटीएफ-८ मध्ये असे कधीच होत नाही. तिथे प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे असते आणि त्यांतला एकही बाइट तिरक्या रेघेसारखा नसतो. काना, मात्रा, अनुस्वार वेगळे मोजले की 'नांदेड' १८ बाइटांत बसते आणि 'लातूर' १५. लिनक्सच्या नेहमीच्या फाइल व्यवस्थेत नावाची मर्यादा २५५ बाइटांची आहे, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. शिरूर अनंतपाळला मधली जागा धरून ३७ बाइट लागतात.

आदेशही मराठीत देता येतात. शेलमध्ये 'एलियस' नावाची सोय आहे. तिने कोणत्याही आदेशाला टोपणनाव ठेवता येते. रोमनमध्ये एलियस लिहून, जागा सोडून, 'जा', त्याला चिकटून बरोबरचे चिन्ह आणि त्याला चिकटून रोमनमधले सीडी लिहिले, की 'जा लातूर' हा आदेश चालू लागतो. त्याच रीतीने सीडी आणि आडव्या रेघेला 'परत', तर सीडी आणि दोन टिंबांना 'वर' म्हणता येते. या दोन्हींच्या मध्ये जागा येत असल्याने त्यांना अवतरणचिन्हांत ठेवायचे. बॅशच्या सुरुवातीच्या फाइलमध्ये या तीन ओळी लिहून ठेवल्या की त्या कायम राहतात.

इन्स्क्रिप्ट कीबोर्ड वापरणाऱ्यांसाठी याला विशेष अर्थ आहे. या मांडणीत तिरक्या रेघेच्या कळीवर 'य' आहे, म्हणून पत्ता लिहिताना सारखी भाषा बदलावी लागली असती. पण टॅब तिरकी रेघ स्वतःच जोडतो. नागमोडी रेघेच्या कळीवरही देवनागरी चिन्ह आहे. तिचीही गरज पडत नाही, कारण नुसते 'जा' म्हटले तरी शेल घरी जातो. कीबोर्ड मराठीतच ठेवून घर ते मराठवाडा, तिथून लातूर, औसा, किल्लारी असा पूर्ण प्रवास होतो. 'मराठवाडा/लातूर/औसा/किल्लारी' हा पत्ता पूर्ण लिहायला शिफ्ट न मोजता २७ कळा लागतात. प्रत्येक टप्प्यावर त्या अक्षराचे एकच नाव असेल तर टॅबसह आठ पुरतात.

एक उणीव सांगायलाच हवी. अनेक टर्मिनल प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीच्या चौकटीत बसवतात, त्यामुळे जोडाक्षरे आणि वेलांट्या तुटक दिसतात. नाव आत अचूक साठवलेले असते, पडद्यावर ते नीट उमटत नाही. हे काम अजून पूर्ण व्हायचे आहे, आणि मराठी येणाऱ्या प्रोग्रामरांनी ते हाती घेण्याजोगे आहे.

घड्याळ काय सांगते

कळांनी खरोखर वेळ वाचतो का? हा प्रश्न मोजून सोडवायचा मार्ग स्टुअर्ट कार्ड, थॉमस मोरन आणि ॲलन न्यूएल यांनी १९८० मध्ये दिला. त्यांनी संगणकावरच्या कामाचे सुटे भाग केले आणि प्रत्येकाला वेळ नेमून दिला. मध्यम वेगाने टंकणाऱ्याला एका कळीला ०.२८ सेकंद, माउसने लक्ष्यावर बाण नेण्यास १.१ सेकंद, कीबोर्डवरून हात माउसवर नेण्यास ०.४ सेकंद आणि पुढे काय करायचे हे मनात जुळवायला १.३५ सेकंद.

या आकड्यांवर आपले उदाहरण तपासू. माउसने चार डिरेक्टऱ्या एकेक करून उघडायच्या तर चार वेळा नेम धरणे, चार वेळा दोनदा क्लिक करणे आणि हाताची जा-ये मिळून सुमारे ६.८ सेकंद होतात. ते ठिकाण नुकतेच सोडलेले असेल, तर तिथे परतायला सीडी, जागा, आडवी रेघ आणि एंटर या पाच कळांना १.४ सेकंद. विचाराचा वेळ धरला तरी पावणेतीनच्या आसपास.

याची दुसरी बाजूही आहे. ॲपलमध्ये काम केलेल्या ब्रूस टोग्नाझिनी यांनी १९८९ मध्ये लिहिले, की लोकांना कीबोर्ड वेगवान वाटतो, पण घड्याळ लावले तर माउस पुढे असतो. कळ आठवण्यात गेलेला वेळ माणसाच्या ध्यानातच राहत नाही. दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या तर निष्कर्ष स्पष्ट होतो. न रुळलेली कळ महाग पडते, बोटांत बसलेली कळ स्वस्त. फरक सरावाचा आहे, आणि सराव म्हणजे काय हे 'लातूर पॅटर्न' घडवणाऱ्या शहराला सांगायला नको. घड्याळ लावून पुन्हा पुन्हा सोडवलेल्या प्रश्नपत्रिकांवरच ते नाव उभे राहिले.

सराव मोजक्याच कळांचा हवा. टॅब पहिली. दुसरी कंट्रोल आणि आर: आधी दिलेला आदेश त्यातला एखादा तुकडा लिहून शोधता येतो, बॅश मूळ मांडणीत शेवटचे ५०० आदेश लक्षात ठेवतो. तिसरी कंट्रोल आणि ए, चौथी कंट्रोल आणि ई: ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला नेणाऱ्या. पाचवी ऑल्ट आणि टिंब: आधीच्या आदेशातला शेवटचा शब्द पुन्हा लिहिणारी. एखादी डिरेक्टरी तयार केली आणि लगेच तिच्यात जायचे असेल, तर नाव दुसऱ्यांदा लिहावे लागत नाही. 'फिश' नावाच्या शेलमध्ये तर ऑल्ट आणि डावा-उजवा बाण दाबून ब्राउझरसारखे मागच्या-पुढच्या डिरेक्टरीत जाता येते.

पुढे उपयोग कुठे

नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतला प्रत्येक संगणक लिनक्सवर चालतो. पुण्याच्या आयसरमधल्या 'परम ब्रह्म'सारख्या यंत्रावर काम करायचे तर दुरून शेलमधूनच आत शिरावे लागते. नांदेडला लागून असलेल्या हिंगोली जिल्ह्यात, औंढा नागनाथ इथे, गुरुत्वीय लहरी टिपणारी 'लायगो-इंडिया' वेधशाळा उभी राहणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चाला मंजुरी दिली. अशा वेधशाळांच्या माहितीचे विश्लेषण मोठ्या प्रमाणात लिनक्सच्या आदेशांवर होते. विष्णुपुरीच्या १९८१ मध्ये स्थापन झालेल्या श्री गुरु गोविंदसिंघजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेत, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात किंवा लातूरच्या महाविद्यालयांत आज शिकणाऱ्या मुलामुलींच्या अंगणात येणारे हे विज्ञान आहे.

शेलला जलद इंटरनेटही लागत नाही. दूरच्या संगणकाचे चित्र आपल्या पडद्यावर आणायला भरपूर माहिती वाहून न्यावी लागते. शेलमध्ये एका कळीसाठी अगदी छोटे पाकीट जाते. जिथे नेटवर्क तुटक असते अशा गावातूनही ते जमते.

घरी संगणक नसला तरी अडत नाही. अँड्रॉइड मोबाइलवर 'टर्मक्स' हे मोफत ॲप लिनक्सचा शेल देते. त्याच्या पडद्यावर टॅब, कंट्रोल आणि ऑल्टच्या कळा असतात, आणि आवाज कमी करण्याचे बटण कंट्रोलचे काम करते. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात लिनक्सचे प्राथमिक धडे मराठी आवाजात विनामूल्य मिळतात.

शिक्षकांनी आणि पालकांनी एवढे करावे. येत्या रविवारी मुलांना २६ तालुक्यांच्या २६ डिरेक्टऱ्या करायला सांगाव्यात, 'जा', 'परत' आणि 'वर' ही तीन टोपणनावे बसवून द्यावीत आणि किनवटहून निलंग्याला जाऊन परत यायला किती सेकंद लागले ते वहीत लिहायला लावावे. आठवडाभराने तोच प्रवास पुन्हा मोजावा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवून पाहावेत.